फाइल उघडलीसुद्धा नाहीस

"३७७ गेलं ना मॅडम, आता काय राहिलंय?" परवा बार रूममध्ये चार जणांसमोर तू हे बोललास. मी तिथे गप्प बसले. आपल्या विद्यार्थ्याची लाज चारचौघांत काढणं मला आवडत नाही. म्हणून लिहून पाठवते आहे. नीट वाच. मधे फोन बघू नकोस.

काय राहिलंय हे तू विचारतोस? राज्यघटनेच्या पेपरला वर्गात पहिला येणारा तू? कलम १४ आणि २१ वर तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाला निरुत्तर करणारा तू? एखादी गोष्ट गुन्हा नसणं वेगळं आणि ती करणाऱ्या माणसाला इतरांइतके हक्क असणं वेगळं, हे तुला मी समजावायचं? ज्याला कळत नाही त्याला शिकवायला माझी कधीच ना नव्हती. जन्म त्यातच गेला. पण ज्याला कळतं आणि वळत नाही, त्याचा मला संताप येतो.

तारखा तुला पाठ आहेत. तरी पुन्हा ऐक. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सज्ञान माणसांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना दंड संहितेच्या कलम ३७७ मधून बाहेर काढलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. साडेचार वर्षं उजळ माथ्यानं वावरलेली माणसं एका सकाळी पुन्हा गुन्हेगार झाली. मग ६ सप्टेंबर २०१८. पाच न्यायाधीश, एकमुखी निर्णय, आणि १८६० च्या त्या इंग्रजी कलमाचा तेवढा भाग गेला. त्या दिवशी तू पेढे वाटलेस. वाटलेस ते चांगलंच केलंस. त्यानंतर काय केलंस ते सांग.

१७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल वाचलास का? पूर्ण? की बातमीचं शीर्षक वाचून हळहळलास आणि जेवायला गेलास? लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत झालं. समलिंगी जोडप्याच्या सहजीवनाला कायद्यानं काही मान्यता द्यायची का, यावर तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल अल्पमतात गेले. दत्तकाचा नियमही तसाच राहिला. एकट्या माणसाला मूल दत्तक घेता येतं, या दोघांना मिळून घेता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. दार लागलं आणि न्यायालयानं बोट संसदेकडे दाखवलं. हे सगळं माहीत असताना तू विचारतोस, काय राहिलंय.

घर राहिलंय. नवऱ्यानं बायकोला राहतं घर बक्षीसपत्रानं दिलं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. या जोडप्यांपैकी एकानं दुसऱ्याला दिलं तर घराच्या किमतीवर टक्क्यांनी. दिलेली भेट ५०,००० रुपयांच्या वर गेली तर घेणाऱ्याला प्राप्तिकर, कारण कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत असा जोडीदार बसत नाही. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात एका जोडप्यानं याच मुद्द्यावर याचिका केली. तुझ्याच उच्च न्यायालयात. ती वाचलीस? ग्रॅच्युइटीचा फॉर्म राहिलाय, त्यात कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच लागतो, आणि यांना कुटुंब म्हणत नाहीत. अतिदक्षता विभागाचा दरवाजा राहिलाय, जिथे 'पेशंटचे कोण?' हा पहिला प्रश्न असतो.

आणि फौजदारीचं काय? ती तर तुझी रोजची भाकरी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यातून ३७७ पूर्णच वगळलं. संमतीचे संबंध आधीच मोकळे झाले होते. जबरदस्तीसाठी जे कलम शिल्लक होतं तेही गेलं. आज एखाद्या पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला तर बलात्काराचं कलम त्याला लागू होत नाही. संसदेच्या समितीनं तो भाग राखायला सांगितलं होतं, तरी राखला नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा केला, त्यात त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. एकाच देशात, एकाच जखमेला. तुझ्या तालुक्याच्या कोर्टात असा पीडित उद्या आला तर कुठलं कलम लावशील? आजपर्यंत एकदा तरी विचार केलास? की तो येणारच नाही असं धरून चाललायस?

आता मुख्य गोष्ट. गेल्या आठवड्यात दोघीजणी तुझ्याकडे आल्या होत्या. माझं नाव सांगून आल्या, कारण मीच पाठवलं होतं. म्हटलं होतं, मुलगा हुशार आहे, मनानं चांगला आहे, काम नीट करेल. त्यांनी सोबत निळी प्लॅस्टिकची फाइल आणली होती. आत सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, खरेदीखताची झेरॉक्स, दोन पासबुकं, विम्याचे कागद आणि हॉस्पिटलनं दिलेला खर्चाचा अंदाज. प्रत्येक कागदाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. थोरलीच्या हृदयाची झडप बदलायची आहे, पुढच्या महिन्यात. चिंचवडचा फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर, कारण कर्ज तिला मिळालं. घर मात्र दोघींच्या पगारावर चाललं, तरुणपणापासून.

तू त्यांना दहा मिनिटं दिलीस. म्हणालास, "कायद्यात तुमचं नातंच नाही, त्यामुळे माझ्या हातात काही नाही. संसदेनं कायदा केला की बघू." फाइल टेबलावर होती. तू ती उघडलीसुद्धा नाहीस.

तुझ्या हातात काही नाही? मग सनद कशाला घेतलीस? मृत्युपत्र करायला नातं कधीपासून लागायला लागलं? भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ६३. करणारीची सही, दोन साक्षीदार. स्टँप लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे जाऊन करून घ्यावी. हे तुला तिसऱ्या वर्षाला मी शिकवलं. तू उत्तर बरोबर लिहिलं होतंस, मार्कही पूर्ण मिळाले होते. ते उत्तर फक्त मार्कांपुरतं होतं का?

मृत्युपत्र नसेल तर काय होईल, तेही सांग. हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम १५. अविवाहित बाई, मूल नाही. आधी आईवडील. ते नसतील तर वडिलांचे वारस. म्हणजे तिचा सांगलीचा भाऊ. त्या भावानं या घराची पायरी कधी चढलेली नाही. तो येईल, वारस दाखला आणेल, कुलूप बदलेल. धाकटी तिच्या कपड्यांच्या दोन बॅगा घेऊन जिन्यात उभी राहील. आणि यात बेकायदेशीर काहीच नसेल. हे चित्र तुझ्या डोळ्यांपुढे आलं नाही? आलं असणार. तू मूर्ख नाहीस. आलं, म्हणूनच तू घाईनं त्यांना बाहेर काढलंस.

मनोविकाराच्या उपचारासाठी माणूस कोणालाही आपला प्रतिनिधी नेमू शकतो. २०१७ चा कायदा, कलम १४. साधा कोरा कागद आणि सही, बस्स. रक्ताचं नातं लागत नाही, लग्न लागत नाही. किती पक्षकारांना हे सांगितलंस? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला कुठलीही आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी त्यांना एकच कुटुंब समजावं असं राज्यांना कळवलं. जवळचे नातेवाईक नसतील तर पार्थिव जोडीदाराच्या ताब्यात द्यावं, असंही राज्यांना कळवलं. हे कागद तुझ्या ऑफिसात आहेत? बँकेतला कारकून नकार देतो तेव्हा त्याच्या पुढ्यात तो कागद ठेवणारा माणूस लागतो. तो माणूस कोण? त्या दोघींनी तुला शोधलं होतं.

हे सगळं अपुरं आहे, हे मलाही ठाऊक आहे. मुखत्यारपत्र माणसाबरोबरच संपतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा सांगितलं. सोसायटीत नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, तेवढंच. लग्न झालेल्या जोडप्याला एका दाखल्यावर जे आपोआप मिळतं, त्यासाठी या दोघींना दहा कागद करावे लागतात आणि तरी ते अर्धंच मिळतं. अन्याय म्हणतात तो हाच. पण मग मला सांग, वकिलाची गरज जास्त कोणाला? ज्याच्या बाजूला कायदा उभा आहे त्याला, की ज्याच्या बाजूला नाही त्याला? कायद्यात भोक आहे म्हणून तुझं काम वाढतं. तू त्याच भोकातून पळून गेलास.

आता तुझी कारणं घेऊ. एकेक करून. तुझ्या तोंडून मी ती इतक्यांदा ऐकली आहेत की तू न सांगताही लिहू शकते.

"मी काही त्यांच्या विरोधात नाही." मग कोणाच्या बाजूनं आहेस? जून महिन्यात फोटोला सात रंग लावतोस, जुलैत काढतोस. विरोधात नसणं हे काम आहे का? भिंतसुद्धा कोणाच्या विरोधात नसते.

"माझा हा विषय नाही." २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यासमोर दोन मुलींची याचिका आली. मदुराईहून पळून चेन्नईला आलेल्या, आईवडिलांनी हरवल्याची तक्रार दिलेली. न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिलं की या विषयाचं आपल्याला पुरेसं ज्ञान नाही, पूर्वग्रह आहेत. आणि ते स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर शिकायला बसले. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश! त्या प्रकरणातून पुढे इतकं झालं की समलिंगी माणसाला 'बदलण्याचे' उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरलं, २०२२ मध्ये. न्यायाधीशाला शिकायला कमीपणा वाटला नाही. तुला वाटतो? की कमीपणा वगैरे काही नाही, नुसता आळस आहे?

"समाज अजून तयार नाही." हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. समाज तयार होण्याची वाट बघितली असती तर या देशात हिंदू बाईला वारसाहक्क मिळाला असता का? हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, ते समाज तयार होता म्हणून? आणि अजून एक. र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचे खटले झाले. वाचक लैंगिक शंका विचारत, कर्वे त्यांना सरळ उत्तरं देत, एवढाच त्यांचा गुन्हा. १९३४ साली मुंबईत त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. खटला हरले. वातावरण आपल्या बाजूचं नाही हे त्या माणसाला कळत नव्हतं का? तुझ्या ऑफिसात त्यांची तसबीर आहे. मी पाहिली आहे. हार रोज बदलतोस हेही पाहिलं आहे.

शेजारी नेपाळ. २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नांची नोंद करण्याचा अंतरिम आदेश दिला, नोव्हेंबरमध्ये लमजुंग जिल्ह्यात अशा एका जोडप्याच्या लग्नाची नोंद झाली. थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून अशा लग्नांचा कायदा लागू आहे. तिथले समाज आभाळातून पडले होते?

"अशी माणसं मूठभर." हे तुझं सर्वांत वाईट कारण, कारण तू वकील आहेस. २०१३ च्या निकालात हाच आधार होता, की ही लोकसंख्या अगदी थोडी. २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांनी तो मोडीत काढला. माणसं किती आहेत यावर हक्क ठरत नाही. मोडीत निघालेला युक्तिवाद कोर्टात केला असतास तर न्यायाधीशांनी खाली बसवलं असतं. मग स्वतःच्या मनाला तोच युक्तिवाद कसा ऐकवतोस?

"बाकीचे पक्षकार तुटतील." इथे तू खरं बोललास. बाकी सगळी कारणं या एका कारणाला झाकायला आहेत. वडिलांची जुनी प्रॅक्टिस, गावाकडची भाऊबंदकीची प्रकरणं, सोमवारी ऑफिसबाहेर बसणारे पाटील आणि सरपंच. ते काय म्हणतील? बरं, काय म्हणतील? जमिनीचा दावा अर्धवट टाकून दुसरा वकील गाठतील, फक्त तू दोन बायकांचं मृत्युपत्र केलंस म्हणून? मृत्युपत्र वेशीवर लावतोस का? त्यांना कळणार तरी कसं? भीती तुझी आहे, नाव त्यांचं पुढे करतोस. शिवाय त्याच भाऊबंदकीच्या घरांत असा एखादा मुलगा, एखादी मुलगी नाही, असं तुला वाटतं? आहे. ती तुझ्याकडे येत नाहीत, कारण बार रूममध्ये तू कशावर हसतोस हे त्यांच्यापर्यंत पोचतं.

हो, तेही मी पाहिलं. गेल्या महिन्यात कोर्टाच्या व्हरांड्यात एक तृतीयपंथी पक्षकार तारीख विचारत होती. तुमच्यातल्या एकानं टाळी वाजवून दाखवली. सगळे हसले. तूही हसलास. मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. तिनं तुझ्याकडेच पाहिलं, कारण त्या घोळक्यात तुझाच चेहरा तिला जरा सभ्य वाटला होता. तुला आठवतं? मला विसरता येत नाही.

आणि याच महाराष्ट्रात काय झालं ते बघ. जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली गुरू संजना जान यांनी महिलांच्या जागेवर अर्ज भरला. अधिकाऱ्यानं फेटाळला, तृतीयपंथी आहेत म्हणून. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं सांगितलं की त्या स्वतःला स्त्री मानतात, स्त्री म्हणून लढू शकतात. त्या लढल्या आणि निवडून आल्या. निवडणुकीच्या धामधुमीत, हातात मोजके दिवस असताना, कोणा वकिलानं त्यांचं वकीलपत्र घेतलं म्हणून हे झालं. 'समाज तयार झाला की या' असं त्यानं सांगितलं नाही. आणि समाज म्हणजे कोण? भादलीचे मतदार. त्यांनी मतं दिली. २०२२ साली पोलीस शिपाई भरतीच्या अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच रकाने होते. प्रशासकीय न्यायाधिकरणानं तिसरा रकाना ठेवायला सांगितलं, तर राज्य सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे बोलणी खाऊन नियम करायचं कबूल करून परतलं. एका रकान्यासाठी इतकं. लढाई संपली म्हणतोस ती कुठली?

"कोर्ट बघेल, संसद बघेल." कोर्टानं २०२३ मध्ये संसदेकडे पाठवलं. सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या सप्टेंबरमध्ये सामाजिक न्याय खात्यानं लोकांकडून सूचना मागवल्या.  तू किती ओळी पाठवल्यास? एक? तुझ्या बार असोसिएशननं पार्किंगच्या शेडसाठी तीन ठराव केले. यासाठी किती केले? ठरावाचा मसुदा लिहायला तुझ्याइतका चांगला हात त्या असोसिएशनमध्ये दुसऱ्या कोणाचा नाही, हे मी तोंडावर सांगते. चिडते आहे तीही त्याचसाठी. दगडावर कोणी चिडत नाही.

आता कामाचं बोलू. आजच त्या दोघींना फोन कर. झाल्या प्रकाराबद्दल फोनवर काही बोलू नकोस, त्यांच्या घरी जा आणि समोर बसून बोल. फी किती घ्यायची ते तू ठरव, पण घे. त्या दान मागायला आल्या नव्हत्या. मृत्युपत्र शस्त्रक्रियेच्या आधी झालंच पाहिजे, आणि नोंदणीही. प्रकृती आणि मन ठीक असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सहीच्याच तारखेचं घे. साक्षीदार दोघींपेक्षा वयानं लहान आणि पुण्यातच राहणारे बघ, म्हणजे पुढे कोर्टात उभे करता येतील. हॉस्पिटलसाठी थोरलीच्या सहीचं वेगळं पत्र कर: प्रकृतीची माहिती कोणाला द्यावी, निर्णय घ्यायची वेळ आली तर कोणाला विचारावं. तुझ्या लेटरहेडवर सोबतचं पत्र जोड. लेटरहेड पाहिलं की बरीच दारं उघडतात, हे तू अनुभवानं जाणतोस. धाकटीचंही मृत्युपत्र त्याच दिवशी कर. ती वयानं लहान आहे म्हणून सोडू नकोस.

मसुदा शनिवारी मला दाखव. आणि भावाला का वगळलं, याचं कारण तिच्याच शब्दांत दोन वाक्यांत त्यात घाल. आव्हान तोच देणार आहे.